दिवाकरभाऊ माप घेतो

९ ऑक्टोबर, गुरुवार

तालीम आजपासून उभ्याने. शाळेचा हॉल, पंखा एक, तो पण मास्तरांच्या डोक्यावर. आमच्या अकोल्याकडच्या आख्ख्या मालेगावात कोणी ज्यू पाहिला नाही आणि आम्ही निघालो कोकणातल्या ज्यू तेल्यांचं घर उभं करायला. मास्तर नोकरीच्या सुरुवातीला रेवदंड्याकडे होते, शेजारी असं एक घर होतं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी तीन अंक लिहिले. नाव 'शनवारी घाणा बंद', शनिवारी ते लोक काम करत नाहीत म्हणून. म्हातारा अब्राजी, थोरला, धाकटा, थोरल्याची बायको, म्हाताऱ्याची विधवा बहीण. स्वातंत्र्यानंतरचा काळ, पोरांना बोटीत बसून इस्रायलला जायचंय, म्हातारा म्हणतो माझी माती इथली.

मी सून. वरून सगळ्यांचे चेहरे रंगवायचे ते पण मीच. पार्लरवाली म्हटल्यावर सुटका नाही.

अब्राजी, थोरला, तिकिटांचा दलाल आणि विधवा बहीण ही चारही कामं दि., म्हणजे आपला दिवाकरभाऊ शिंपी, एकटा करतो. माणसं कमी पडली म्हणून नाही, त्यानंच मागून घेतली. "मास्तर, बाकीच्यायले कायले बोलावता? मी आहो ना."

बहिणीच्या कामात त्यानं नुसता टॉवेल डोक्यावर घेतला आणि खाली बसला. आधी एक गुडघा, मग हात, मग "हुश्श" न करता तोंडच तेवढं उघडलं. आमच्या मागची गिरणीवाली काकू! हुबेहूब. मी हसता हसता खाली बसले. घरी येऊन आईला करून दाखवलं. आई म्हणे, "तुह्यानं नाई जमत. त्यालेच आन एकदा."

१४ ऑक्टो., मंगळ

स्टँडजवळ दि.च्या दुकानात गेले होते, सुनेच्या हिरव्या पोलक्याचं माप द्यायला. टेप गळ्यात, तोंडात टाचण्या, आणि डोळे रस्त्यावर. मला म्हणे, "तो पाह्य, फळवाला. गिऱ्हाईक गेलं का शिवी देते, पन ओठ हलवत नाई. घेतलं म्या त्याचं माप." नाटकातल्या कामालाही तो हेच म्हणतो. माणूस दिसला की माप घेतो, लागेल तेव्हा बेततो.

मी म्हटलं, माझं घेतलं का?

वर पाहिलं. टाचण्या काढल्या. "तुहं नाई घेता येत वंदे. तुहा चेहरा म्हंजे बंद शटर. नवऱ्यानं सोडलं तईही तू अशीच बसली होतीस पार्लरमधी, थ्रेडिंग करत. म्या पाह्यलं होतं."

बेशरम. बाहेर येऊन रागानं पाणीपुरी खाल्ली, दोन प्लेट. पण त्यानं पाहिलं होतं हे काही डोक्यातून जाईना.

१८ ऑक्टो., शनि

धनतेरस. पार्लरमध्ये बायांची रांग, पाठ मोडली. घरी आले तर दि. बाबांच्या पलंगाजवळ. आईचं ब्लाऊज द्यायला आला आणि बसला. बाबांना लकवा झाल्यापासून या खोलीत कोणी बसत नाही. दारातून "कसे हाव कंडक्टरसाहेब" म्हणतात आणि वास आला की निघतात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आयुष्यभर एसटीत ओरडून ओरडून एकच शब्द उरला, त्यांच्या रूटवरचा थांबा, मेडशी. भूक लागली मेडशी, लघवी झाली मेडशी, मी दिसले तरी मेडशी.

दि. त्यांना शिरा भरवत होता. बाबा खात होते! वाटी संपली. आईचे डोळे भरले. "माय वं, माह्या हातानं तं दोन घास घेत नाई." मला म्हणे, "शिक काही."

शिकते.

२८ ऑक्टो., मंगळ

रोज चारला येतो. दुकान सोडून. बाबा साडेतीनपासून दाराकडे मान करून बसतात. दि. आला की डावा हात वर करून हवेतली दोरी ओढतात, दोनदा. डबल बेल, गाडी सुटली. दि. पण ओढतो. मग दोघं हसतात.

लिहू का नको. लिहितेच, कोण वाचतंय. चारच्या आधी मी काजळ घालते. छत्तीस वर्षांची बाई, त्याला तोंडावर दिवाकरभाऊ म्हणते, आणि चारला काजळ. बह्याड कुठली.

आईनं पाहिलं. नुसती आरशाकडे पाहून हसली. बोलली असती तर बरं.

६ नोव्हें., गुरु

तालमीत दि.नं मास्तरांना पटवलं. अब्राजी नुसता हट्टी म्हातारा नको. दुसऱ्या अंकात धाकटा तिकिटं दाखवतो, तिथेच त्याला लकवा मारावा. मग पुढे सगळं घर त्याच्याभोवती. "मास्तर, बोलनारा म्हातारा कोनीही करन. न बोलनारा करून दाखवतो."

मास्तर खूश. मी पण. म्हटलं बरं होईल, मला भरवायचा प्रसंग येईल.

माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला नऊ दिवस लागायचे होते. (ही ओळ नंतर घातली.)

१५ नोव्हें., शनि

पहिला प्रयोग, गावातच.

दि.चा चेहरा मी रंगवत होते. डोळे मिटून बसला होता, सांगत होता. "इथून खाली ओढ. अजून. उजवा कोपरा पाडून टाक. गालाले खड्डा, दाबून. कानापाशी पांढरं राहू दे, दाढी करताना सुटते न तसं." माझी बोटं चालत होती. लय सोपं जात होतं आज, सगळं कसं माहीत असल्यासारखं. कानापाशी पांढरे केस लावले, मागं सरकले, आरशात पाहिलं.

बाबा.

माझ्या बोटांनी केलेले. रोज सकाळी मीच त्यांची दाढी करते, कानापाशी मीच सोडते. म्हणून सोपं जात होतं.

त्यानं डोळे उघडले. आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "जमलं," म्हणे. तेवढ्यात तिसरी घंटा.

आणि बाबा पहिल्या रांगेत! आईनं आणि त्यानं मिळून ठरवलेलं, ऑटोत घालून आणलं. मला कोणी सांगितलं नाही.

दुसरा अंक. अब्राजी पडला. उठवला, खाटेवर टेकवला. मी वाटी घेऊन जवळ गेले. तोंड वाकडं करून बोलला, "रेवदंडा." मग जोरात, नाकातून, शेवट ओढून, "रेवदंडाऽऽ". एसटीतला आवाज. हॉलमध्ये आधी हशा. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, कंडक्टर!" पुन्हा हशा. मग त्यानं डावा हात उचलला, दोरी ओढली, दोनदा. तिकडे धाकटा सामान बांधतोय, बोट सुटणार, आणि म्हातारा सगळ्यांना निरोप देतोय ते असं, दोरी ओढून. हॉल गप्प झाला. पोरीबाळी रडायला लागल्या. मी वाटी धरून दगडासारखी उभी, वाक्य विसरले.

खाली पाहिलं. पहिल्या रांगेत बाबांचा हात वर. तेही ओढत होते.

टाळ्या. काय टाळ्या! तोंडात माती पडो माझ्या, पण काय केलं त्यानं. बाबांपेक्षा बाबा.

१६ नोव्हें., रवि

चारला आला नेहमीसारखा. दारातच अडवला.

"विचारलं नाही तुम्ही."

"इचारलं असतं तं हो म्हनली असती?"

"नाही."

"मंग?"

हे एवढंच त्याचं उत्तर. मी लय बोलले. हलकट म्हटलं, मढ्यावरचं कापड विकणारा म्हटलं. ऐकून घेतलं. डोळे माझ्या तोंडावर. मग म्हणे, "काल तुह्या बापाले चारशे लोकायनं पाह्यलं. घरात कोन पाह्यते? तू तं पुसतेस अन् जातेस." आणि निघाला. जाता जाता खिडकीतून बाबांना दोरी ओढून दाखवली.

गिरणीवाली काकू दुपारी येऊन गेली, वास सहन करत बसली पण. "कंडक्टरचं भल्लं केलं हो दिवाकरनं." स्वतःचं केलेलं हिला कळलंच नाही.

२० नोव्हें., गुरु

रविवारपासून दि. आला नाही, बाबा खात नाहीत. चारला दाराकडे मान. मेडशी, मेडशी. सहाला मान वळवतात ती भिंतीकडे.

२२ नोव्हें., शनि

आज मी केलं. आई पाणी भरत होती. मी दि.सारखी आत आले, खांदे पाडून, "काय म्हनता कंडक्टर मामा" त्याच्या आवाजात. दोरी ओढली. वाटी पुढं केली. बाबांनी पाहिलं. घास घेतला. मग तो घास माझ्या तोंडावर थुंकून टाकला.

आई दारात. मला वाटलं टॉवेल देईल. म्हणे, "नक्कल बी येत नाई. बोलाव त्याले."

"आई, तो बाबांची चेष्टा करते."

"करू दे. त्यासाठी का होईना, पाह्यते तं. तू यवढ्या सालात एक बार तरी बसलीस का उगीच, काम नसताना?"

फोन केला. एका रिंगमध्ये उचलला. "येतो," एवढंच.

वाटी संपली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत परत.

२९ नोव्हें., शनि

अकोला, स्पर्धेचा प्रयोग. रात्री यायला उशीर, थोडक्यात.

मी आज विंगेतून पाहिलं सगळं. चार माणसं केली त्यानं, अंग एकच, पण चारही वेगळ्या घरांतली वाटावी अशी. दलाल झाला तेव्हा बोटांतून पैसे गळत होते. लुगडं नेसून बहीण झाला, माठाला टेकून नुसता उभा राहिला आणि मला माझी मेलेली आत्या आठवली, जिला त्यानं कधी पाहिलं नाही. कुठून आणतो? दोन कामांच्या मधे पडद्यामागं पाणी पितो तेव्हा चेहऱ्यावर कोणीच नसतं. तेव्हा लय भीती वाटते त्याची.

माणूस म्हणून किडा आहे. पण देवा, असं एक मिनिट मला दे. एकच.

माझा भरवायचा प्रसंग आला. रडायचं होतं. नाही आलं.

८ डिसें., सोम

निकाल. अंतिम फेरीत! दि.ला अभिनयाचं पहिलं. मास्तरांनी पेढे वाटले. परीक्षकांचं मत मास्तरांनी वाचून दाखवलं, सगळ्यांसमोर: सुनेचं काम कोरडं, तिथे नाटक पडतं.

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. दि.नं पाहिलं. त्याला वाटलं आता काही दिसेल. मी पेढा खाल्ला.

१९ डिसें., शुक्र

बाबांची हनुवटी थरथरते. आधी कधी नव्हती थरथरत. ही दि.नं घातली, अकोल्याच्या प्रयोगाला, स्वतःच्या मनानं. म्हणे शेवटच्या रांगेला तोंड वाकडं दिसत नाही, हनुवटी दिसते. घरी बाबांना करून दाखवत असेल, पसंत आहे का म्हणून. आता बाबा करतात. चारच्या सुमाराला जास्त.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, आजारानंही होते ताई. होत असेल.

मी हनुवटी दाबून धरली. थांब, म्हटलं. थांब ना, तुमची नाही ही. जोरात धरली असणार, बोटं उमटली. बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. सोडली, पुन्हा थरथरली. आईला सांगितलं नाही. दि.नं संध्याकाळी बोटांचे वण पाहिले, मग नुसता माझ्या हाताकडे बघत राहिला.

११ जाने., रवि

बाबा उतरत चालले. पाणीच तेवढं जातं. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात नेऊन काही मिळणार नाही. दादाला पुण्याला कळवलं. म्हणे रजा बघतो.

आणि याच दिवशी मास्तरांनी नवा तिसरा अंक ऐकवला. पडदा उघडतो तेव्हा म्हातारा गेलेला, चादरीखाली. बाकी सगळे बाहेर. स्टेजवर एकटी सून. ज्यू लोकांत घरी मयत झाली की घरातलं भरलेलं सगळं पाणी ओतून टाकतात. तर सून एकेक भांडं उचलते, ओतते, आणि शेवटचा माठ ओतताना तिला रडू फुटतं. शब्द नाही. पडदा.

मला! एवढं परीक्षकांनी म्हटलं तरी मास्तरांनी मला दिलं. पाया पडले त्यांच्या. मास्तर गडबडले, "पाहू, पाहू" म्हणाले.

१३ जाने., मंगळ

सकाळी घरात कोणी नव्हतं. म्हणजे बाबा होते. मी तालीम केली. कळशी ओतली मोरीत. पितळेचा गुंड ओतला. मग माठ उचलला, बाबांच्या खोलीतलाच, उंबऱ्यावर वाकून हळूहळू ओतत होते आणि घशात काहीतरी यायला लागलं, खरंच यायला लागलं, की आई.

पाणी पाहिलं. रिकामी भांडी पाहिली. तिला नाटक पाठ आहे, तालमीला डबा घेऊन येते रोज. "तुहा बाप जित्ता आहे अजून!" एवढ्या जोरात ओरडली की मागची काकू आली. "जित्ता आहे, अन् तू पानी ओतून राह्यली!" माझ्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या. बाबा पाहत होते. मेडशी, म्हणाले. हळू.

पुन्हा सगळं पाणी भरलं. आई माझ्या हातचं पीत नाही.

आणि मी, मी काय विचार करत होते? की घशात आलं होतं, अजून एक मिनिट मिळालं असतं तर.

१६ जाने., शुक्र

दि. चारला आला, बसला. बाबा आता दोरी ओढत नाहीत, बोटं हलतात फक्त. निघताना अंगणात मला म्हणे, "वंदे, मामाचं जवळ आलं तं मले फोन करजो. कितीही वाजता. इन्कार नको करू."

मी म्हटलं, "काहून? शेवटचं माप राह्यलं का?"

"हाव," म्हणे. सरळ. लाज नाही, शरम नाही.

मी म्हटलं, "आता तर म्हातारा चादरीखाली आहे. तुम्हाला काय कामाचं?"

त्यानं सुनेचं हिरवं पोलकं मागितलं, काखेत थोडं काम आहे म्हणाला. दिलं.

१८ जाने., रवि

दुकानावर गेले पोलकं आणायला. मशीनवर पडलं होतं. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवलेल्या, आणि मधे चांगला रुंद पट्टा जोडलेला. मी म्हटलं, "मी काय एवढी सुटली का?" तो उठून पोलकं गुंडाळायला लागला. "चुकलं, दुरुस्त करतो." तो आणि चुकलं! मास्तर तिथेच बसले होते, चहाच्या कपात तोंड घालून.

घरी येऊन आरशात पाहिलं. सुटले नाही मी.

२० जाने., मंगळ. दुपार

सकाळपासून बाबांचा श्वास मधेच थांबतो. मग ओढून येतो. डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलवा. दादा निघाला आहे. आई म्हणे, "दिवाकरले बी फोन लाव." मी नाही म्हणाले. आई हात जोडून म्हणे, "वंदे, तुह्या बापाले त्याचाच लळा लागला. त्याच्यासाठी लाव." लावला.

आला. पाय धुतले, आत आला. रोज बाबांच्या डोक्याशी बसतो. आज बसला नाही. पायथ्याशी, भिंतीला टेकून, माझ्या समोर.

मी चमच्यानं पाणी घालत होते, ते गालावरून ओघळत होतं, मी पुसत होते. बऱ्याच वेळानं वर पाहिलं. तो बाबांकडे पाहतच नव्हता. माझ्याकडे. माझ्या हाताकडे, गळ्याकडे, तोंडाकडे. मी ओढणीनं कपाळ पुसलं, त्याची बोटं मांडीवर तशीच हलली, ओढणी धरल्यासारखी.

तेव्हा पोलकं आठवलं. मास्तर चहाच्या कपात. पाहू, पाहू. म्हातारा चादरीखाली गेला म्हणजे दि. मोकळा झाला. स्टेजवर एकटी सून. तो रुंद पट्टा त्याच्या छातीचा, सून तोच करणार.

म्हणजे हेच माप राहिलं होतं. माझं.

त्यानं लय मऊ आवाजात म्हटलं, "वंदे, रड ना वं. मोकळी हो." आई पण म्हणाली, "रड बाप्पा, रडून घे." तिला काय माहीत.

पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात आले. इथेच लिहिते, ओट्याला टेकून. माठ भरलेला आहे. बाबांचा श्वास इथपर्यंत ऐकू येतो. आता थांबला. आला. मला लय रडू येतंय. गळ्याशी आलंय, त्या दिवशी आलं होतं त्यापेक्षा खूप. माझे बाबा जाऊन राह्यले आणि मी ओट्याला दात दाबून उभी आहे, कारण आत तो बसलाय.

थांबला. अजून आला नाही.

आई हाक मारते आहे. तोंड धुतलं, पुसलं, जाते. त्याच्यासमोर रडणार नाही.